वायरलेस चार्जिंग पॅड ७ महिने वापरला: वायर गेली नाही, जरा मागे सरकली एवढंच

सकाळी साडेसहाचा अलार्म वाजलाच नाही. फोन बंद पडला होता, आणि गंमत म्हणजे रात्रभर तो चार्जिंगला लावलेला होता. म्हणजे मला वाटत होतं लावलाय. झोपताना बॅटरी ९ टक्के होती, पॅडवर ठेवला, हिरवा दिवा लागला, मी कूस बदलली आणि झोपलो. मग रात्री कुठल्यातरी ग्रुपवर कुणाचातरी वाढदिवस सुरू झाला असणार, फोन व्हायब्रेटवर, पॅडचा वरचा भाग गुळगुळीत, त्यामुळे प्रत्येक मेसेजला फोन खेकड्यासारखा तिरका तिरका सरकत गेला आणि अंगठ्याएवढा बाजूला जाऊन बसला. होता पॅडवरच. फक्त चार्ज होत नव्हता.

पॅड घेऊन तेव्हा तिसरा आठवडा होता. आता सात महिने झालेत, म्हणून म्हटलं बसून नीट लिहावं, कारण घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यातल्या निम्म्या लोकांनी बॉक्स उघडून पाच मिनिटांत पाच स्टार देऊन टाकले होते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी जे रडगाणं गाणार आहे त्यातलं अर्धं त्या कंपनीच्या हातातच नाही, ते भौतिकशास्त्र आहे, आणि उरलेलं अर्धं बहुतेक सगळेच करतात.

वस्तू दिसायला छान आहे. बशीएवढी गोल चकती, वर काचेसारखा थर, खाली रबर, बाजूला टाइप सी केबलचं भोक आणि एक बारीक दिवा. बॉक्सवर मोठ्या अक्षरात १५ वॅट. आत केबल आहे, अडॅप्टर नाही, आणि इथेच पहिला घोळ. मी पहिले चार दिवस घरातल्या जुन्या ५ व्होल्टवाल्या अडॅप्टरला जोडून बसलो आणि म्हणत राहिलो की काय हे, मुंगीच्या पावलाने चढतंय. या पॅडला पूर्ण ताकद द्यायची तर ९ व्होल्ट देणारा फास्ट चार्जिंगचा अडॅप्टर लागतो, आणि ते पत्रकात आहे, पण इतक्या बारीक टायपात की वाचायला फोनचा कॅमेरा झूम करावा लागला. शिवाय १५ वॅट ही पॅडची कमाल झाली. फोन जेवढं मागेल तेवढंच मिळणार, आणि बरेच फोन त्याहून कमी मागतात.

आता "वायरलेस" या शब्दाबद्दल. पॅडला वायर आहे. ती भिंतीपर्यंत जाते. वायरलेस काय आहे तर पॅड आणि फोनमधले शेवटचे चार-पाच मिलिमीटर. आई म्हणाली, "अरे मग वायर गेली कुठे, फक्त फोनपासून बशीपर्यंत मागे सरकली की." सात महिन्यांत मला याहून नेमका रिव्ह्यू मिळालेला नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की पॅडचे सगळे नखरे आपोआप कळतात. पॅडमध्ये तांब्याच्या बारीक तारांची चपटी गुंडाळी असते, कॉइल. फोनच्या पाठीतही तशीच एक. पॅडच्या कॉइलमधून करंट सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलत जातो, या क्यूआय नावाच्या स्टँडर्डमध्ये साधारण ८७ ते २०५ किलोहर्ट्झ. त्याबरोबर चुंबकीय क्षेत्र वरखाली होतं, ते फोनच्या कॉइलमधून गेलं की तिथे व्होल्टेज तयार होतं. हे फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून ठेवलंय, त्यामुळे जाहिरातीत "भविष्याचं तंत्रज्ञान" वाचलं की हसू येतं. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सुद्धा दोन गुंडाळ्यांच्या मध्ये वायरचा सांधा नसतोच. फरक इतकाच की ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडाचा गाभा ते क्षेत्र धरून, हाताला धरून नेल्यासारखं दुसऱ्या गुंडाळीपर्यंत पोचवतो. पॅड आणि फोन म्हणजे मधून कापलेला ट्रान्सफॉर्मर. कापलेल्या फटीत हवा, काच, तुमचं कव्हर, आणि तिथेच सगळी बोंब.

(क्यूआय हे लिहायला तसं असलं तरी म्हणायचं "ची". चिनी शब्द आहे, प्राणशक्ती वगैरे अर्थाचा. २००८ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन वायरलेस पॉवर कन्सॉर्टियम काढली, त्यांनी हे ठरवलं. मी दोन वर्षं क्यू आय म्हणत होतो, कुणी टोकलं नाही.)

अजून एक गैरसमज जाता जाता. हे वायफायसारखं हवेतून लहरी सोडणं नाहीये. या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी दीड ते साडेतीन किलोमीटर भरते, आणि कॉइल आहे पाचेक सेंटिमीटरची, त्यामुळे तिच्यातून लहरी सुटून दूर जाणं जवळपास होतच नाही. क्षेत्र कॉइलभोवती फुगतं आणि परत आत येतं, फुगतं, परत येतं. वाटेत कुणी बरोबर जागेवर बसलं असेल तर तो त्यातलं घेतो. कुणी नसेल तर ऊर्जा बरीचशी परत कॉइलमध्ये, थोडी गरम होण्यात. म्हणून रिकामा पॅड फारसं खात नाही. माझ्या मीटरवर ०.३ वॅटच्या आसपास दाखवतो, पण प्लगमध्ये लावायचे हे मीटर एवढ्या कमी आकड्याला नीट धरत नाहीत, त्यामुळे यावर पैज लावणार नाही.

शिवाय पॅड आंधळेपणाने ओतत बसत नाही. मधूनमधून एक बारीक झटका देऊन बघतो की वर कुणी आहे का. फोन असेल तर तो त्याच चुंबकीय क्षेत्रावर हलकेच ओझं कमीजास्त करून उत्तर देतो, जणू दोरीला आतून टिचक्या मारून सांगतोय, अजून सोड, आता कमी कर, बास. हे बोलणं चार्जिंगभर चालू असतं. म्हणजे वर नुसतं लोखंड ठेवलं तर ते उत्तर देत नाही आणि पॅड सुरू होत नाही. छान सोय. पण मी एक उद्योग केला. माझ्या कव्हरच्या मागे बोट अडकवायची धातूची रिंग होती, ती तशीच ठेवून फोन पॅडवर टाकला. फोन उत्तर देतोय आणि मध्ये रिंग पण आहे, अशा वेळी पॅडला हिशोब लावावा लागतो की मी दिलं एवढं, फोन म्हणतो मिळालं एवढं, मग मधलं कुणी खाल्लं. माझ्या पॅडने तो हिशोब लावायला दोनेक मिनिटं घेतली, मग लाल दिवा लुकलुकवला आणि बंद झाला, तोवर रिंग अशी तापली होती की बोट लावून लगेच काढलं. ती रिंग त्याच दिवशी कव्हरवरून उपटली. नाणं, किल्ली, धातूची प्लेटवालं कव्हर, काहीही मध्ये नको. बिनस्पर्शाची बँक कार्डं कव्हरमध्ये ठेवायची सवय असेल तर ती पण काढा, त्यातली चिप खराब होऊ शकते.

आता मीटर. भावाकडे वॅट मीटर होता, प्लग आणि भिंतीच्या मध्ये लावायचा, तो आणून रविवारची पूर्ण सुट्टी घालवली. माझ्या फोनची बॅटरी ५००० एमएएच, म्हणजे साधारण १९ वॅट-तास. प्रत्येक वेळी फोन २० टक्क्यांवर आणायचा आणि ८० पर्यंत भरायचा, म्हणजे बॅटरीत जाणार साधारण साडेअकरा वॅट-तास. वायरने भरला तेव्हा भिंतीतून १४ वॅट-तास गेले, वेळ ५० मिनिटं. पॅडवर अगदी मधोमध ठेवून, २० वॅट-तास, दोन तास. मग मुद्दाम एक सेंटिमीटर बाजूला सरकवून ठेवला, एवढं की दिवा हिरवाच राहील, आणि तेव्हा २७ वॅट-तास लागले, वेळ सव्वातीन तासांच्या वर. बघा म्हणजे. तोच फोन, तेवढीच बॅटरी भरली, आणि डोळ्याला कळणार पण नाही एवढ्या सरकण्याने भिंतीतून जवळजवळ दुप्पट वीज गेली वायरच्या मानाने. ही माझ्या एका फोनची आणि एका पॅडची गोष्ट आहे, तुमचे आकडे इकडेतिकडे होतील, पण क्रम हाच राहील.

बिलात काही फरक पडतो का? नाही हो. पूर्ण चार्जला दहा वॅट-तास जास्त धरले आणि रोज एकदा चार्ज केला तरी वर्षाला साडेतीन युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). एका माणसाला नगण्य. तेच १०० कोटी फोनांना लावलं तर वर्षाला ३५० कोटी युनिट होतात नुसते फटीत सांडलेले, पण तो विचार मी रात्री झोपताना करत नाही आणि तुम्हीही करणार नाही.

त्रास बिलाचा नाही, उष्णतेचा आहे. ती वाया गेलेली वीज जाते कुठे, तर काही पॅडमध्ये आणि काही थेट फोनच्या पाठीत, बॅटरीला चिकटून. वायरवर माझा फोन कोमट होतो, मधोमध ठेवून पॅडवर गरम, सरकवून ठेवला की असा की खिशात ठेवताना जाणवतं. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, भरलेल्या अवस्थेत गरम राहिली तर लवकर म्हातारी होते. त्यात फोन तापला की तो स्वतःच म्हणतो बास, कमी दे, आणि वेग अजून पडतो. उन्हाळ्यात दुपारी पंखा फोनवर रोखून चार्ज करायची वेळ आली माझ्यावर. वायरलेस म्हणे.

एक तुलना मात्र डोक्यातून जात नाही. उच्च दाबाच्या डीसी लाइनमध्ये वीज १००० किलोमीटर नेली तरी साधारण ३ टक्के वाया जाते. तारेतून, डोंगर, नद्या ओलांडून. आणि माझा पॅड काचेची एक पाठ ओलांडताना ४० टक्के घालवतो (त्यातला काही वाटा अडॅप्टर आणि बॅटरीचा, तो वायरवरही जातोच, मान्य). तार ही किती भारी गोष्ट आहे हे मला पॅड घेतल्यावर कळलं.

मग अंतराची परीक्षा घेतली. पॅड आणि फोनच्या मध्ये पुठ्ठ्याचे चौकोन एकेक करून घालत गेलो, पट्टीने जाडी मोजत. तीन मिलिमीटरपर्यंत सगळं ठीक, पाचला दिवा कधी हिरवा कधी बंद, आठला पॅडने ओळखच दाखवली नाही. कुणाला वाटेल फालतू पॅड. तसं नाही. कॉइलच्या मापाच्या पलीकडे गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाने पडतं, म्हणजे अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठवा हिस्सा, आणि दुसऱ्या टोकाला पोचणारी पॉवर त्याच्याही वर्गाने, म्हणजे चौसष्टावा. अशा गणितापुढे कुठली कंपनी काय करणार.

आणि इथेच या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आहे. अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचंच नाही, कॉइलच्या मापात मोजायचं. इलेक्ट्रिक गाड्यांचं वायरलेस चार्जिंग बघा. जमिनीवर पॅड, गाडीच्या पोटाला पॅड, मध्ये १० ते २५ सेंटिमीटर मोकळी हवा, आणि तरी ११ किलोवॅटपर्यंत जातात आणि कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या वर. २०२० मध्ये जे २९५४ नावाचं स्टँडर्ड आलं त्यात हे सगळं बसवलंय, फ्रिक्वेन्सी ८५ किलोहर्ट्झच्या आसपास. फोनला पाच मिलिमीटरमध्ये नाकी नऊ येतात आणि गाडी वीतभर अंतरावरून आरामात पिते, कारण तिची कॉइल परातीपेक्षा मोठी. फोनमध्ये परात बसत नाही. विषय संपला.

बॉक्समध्ये एक रंगीत चिठ्ठी होती, तिच्यामुळे तर मी एवढं लिहायला बसलो. त्यावर चित्र, सोफ्यावर माणूस बसलाय, हातात फोन, छताला एक डबा, डब्यातून निळ्या लहरी, आणि लिहिलंय "लवकरच: पूर्ण खोली चार्जर". मी कस्टमर केअरला विचारलं की हे लवकरच म्हणजे कधी. उत्तर आलं, कृपया आपला फोन पॅडच्या मध्यभागी ठेवा. असो. आपणच हिशोब करू. समजा छतावरच्या डब्यातून १० वॅट सगळीकडे सारखे सुटतात आणि फोन ३ मीटरवर आहे. ते १० वॅट ३ मीटर त्रिज्येच्या गोळ्यावर पसरले, त्याचं क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर. तुमच्या फोनची पाठ साधारण ०.०१ चौरस मीटर. म्हणजे फोनच्या वाट्याला आला एक मिलिवॅटहून थोडा कमी, तोही पाठीवर पडलेला प्रत्येक कण पकडला तर. १९ वॅट-तासांची बॅटरी त्याने भरायला २१ हजारांवर तास, म्हणजे जवळपास अडीच वर्षं, आणि त्या अडीच वर्षांत फोन बंद ठेवायचा बरं का, कारण नुसता पडून राहिलेला फोन सुद्धा याच्या कितीतरी पट खातो.

मग झोत बनवून फोनवरच रोखायचा, असं म्हणाल. रोखता येतो. पण मग तो झोत तुमच्या खोलीतून जाणार, मध्ये तुम्ही येणार, मांजर येणार, आणि माणसाच्या अंगावर किती पडू द्यायचं याला मर्यादा आहेत, त्या उगाच नाहीत. मिलिवॅटवर जगणारे सेन्सर, दरवाज्याचे टॅग, असल्या गोष्टी या पद्धतीने चालतात आणि चांगल्या चालतात. फोन नाही. मोठ्या मोठ्यांना साधा तीन वस्तूंचा चपटा पॅड जमवता आला नाही इथे. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये एअरपॉवर नावाचा पॅड जाहीर केला, फोन, घड्याळ, इयरफोन कुठेही ठेवा, तिन्ही वस्तू चार्ज होतील, आणि मार्च २०१९ मध्ये गुपचूप नाही तर चक्क सांगून रद्द केला, आमच्या दर्जाला उतरत नाही म्हणून. तेव्हा छतावरचा डबा "लवकरच" म्हणणाऱ्याला मी काय बोलू.

हे सगळं एका मित्राला सांगत होतो तर तो लगेच, "टेस्लाने शंभर वर्षांपूर्वी केलं होतं रे, फुकट वीज मिळाली असती जगाला, त्याला दाबलं." प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक असतोच, आमच्या ग्रुपमध्ये हा. टेस्ला (गाडीवाली कंपनी नव्हे, संशोधक निकोला टेस्ला) मोठा माणूस, आपण घरात जी एसी वीज वापरतो त्यात त्याचा केवढा वाटा, पण ही कथा जरा थांबवा. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला त्याने प्रचंड कॉइलवर प्रयोग केले, भल्या मोठ्या ठिणग्या पाडल्या. ४० किलोमीटरवर दिवे पेटवल्याची गोष्ट फिरते, तिला भरवशाचा पुरावा नाही. मग १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा सुरू केला, बँकर जे. पी. मॉर्गनने दीड लाख डॉलर दिले होते, ते मुख्यतः समुद्रापार संदेश पाठवण्यासाठी. टेस्लाने मध्येच बेत वाढवला, वीजही पाठवू म्हणाला, मॉर्गनने अजून पैसे द्यायला नकार दिला, काम अडकलं, १९१७ मध्ये मनोरा पाडला. त्यातून कामाची वीज कधी कुठे पोचली नाही. त्याची कल्पना होती की अख्खी पृथ्वीच घंटेसारखी वाजवायची आणि कुठेही काठी रोवून वीज घ्यायची. पृथ्वी तशी वाजत नाही, जमीन आणि हवा बरंच काही वाटेत गिळतात. मित्र म्हणाला तू पण विकला गेलास. बरं.

खरोखर लांबवर वीज पाठवली ती नंतरच्या लोकांनी, आणि ती नावं फारशी कुणी घेत नाही. विल्यम ब्राऊन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९६४ मध्ये लहानसं हेलिकॉप्टर खालून सोडलेल्या मायक्रोवेव्हवर उडवून दाखवलं, बॅटरी नाही, इंधन नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला त्याने आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या लोकांनी २६ मीटरच्या डिश अँटेनातून दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज पोचवली, आणि पलीकडच्या जाळीवर, तिला रेक्टेना म्हणतात, जेवढं पडलं त्याच्या ८० टक्क्यांहून जास्त वीज बनली. पण वाक्य नीट वाचा, "जेवढं पडलं". डिशमधून सुटलेलं सगळं जाळीवर पडत नाही, झोत पसरतो, जाळीच्या बाहेर जातो, आणि या असल्या बातम्यांमध्ये नेहमी तो एकच गोंडस आकडा छापतात.

खोलीच्या अंतराचं म्हणाल तर २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मारिन सोल्याचिच यांच्या टीमने ६० वॅटचा बल्ब दोन मीटरवरून पेटवला, मध्ये काही नाही. त्यांची युक्ती रेझोनन्सची. एकाच सुरात लावलेल्या दोन तारांपैकी एक छेडली की दुसरी आपोआप गुणगुणते, बाजूच्या बेसूर तारेला काही होत नाही, तसं दोन्ही कॉइल एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवल्या. कार्यक्षमता सुमारे ४० टक्के. दोन मीटरला ४० टक्के म्हणजे खरंच कमाल आहे, मी वाचलं तेव्हा टाळी वाजवली. फक्त कॉइल होत्या ६० सेंटिमीटर व्यासाच्या. परत परातच आली.

आणि मग अवकाश. पीटर ग्लेझर नावाच्या इंजिनिअरने १९६८ मध्ये मांडलं की वर ३६ हजार किलोमीटरवर सोलर पॅनेल लावा, तिथे जवळपास कायम ऊन, आणि वीज मायक्रोवेव्हने खाली पाठवा. ऐकायला स्वप्नासारखं, आणि यात गणित कुठेच आडवं येत नाही, फक्त मापं बघा. सत्तरच्या दशकात नासाने अमेरिकेच्या ऊर्जा खात्याबरोबर जो आराखडा केला त्यात वरचा अँटेना एक किलोमीटरचा आणि खालची जाळी सुमारे दहा किलोमीटरची. मायक्रोवेव्हचा झोत एवढं अंतर कापताना पसरणारच, कुणी कितीही हुशार असला तरी. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या छोट्या उपग्रहाने कक्षेतून वीज पाठवून बघितली, खाली पृथ्वीवर सिग्नल पकडता आला, पकडता आला एवढंच, त्यावर दिवा लागत नाही. २०२५ मध्ये डार्पाने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, लेझरने ८.६ किलोमीटरवर ८०० वॅटहून जास्त वीज ३० सेकंद पोचवली. लेझरचा झोत बारीक राहतो, म्हणून जाळी लहान चालते, पण धुकं आलं की बसा. युद्धात, ड्रोनला, जिथे तार नेणं शक्यच नाही तिथे याला किंमत आहे. जिथे तार जाऊ शकते तिथे कोण एवढं सांडेल.

म्हणून मला विचाराल की बिनतारी वीज "शक्य आहे का", तर हो, रोज होतेय. बिनस्पर्शाचं कार्ड मशीनला टेकवता त्यात बॅटरी नसते, मशीनच १३.५६ मेगाहर्ट्झवर त्याला क्षणभर वीज देतं. ऐकू न येणाऱ्या लोकांच्या कॉक्लिअर इम्प्लांटला कानामागच्या कातडीतून अशीच वीज जाते, आणि तिथे तार आत नेणं म्हणजे जखम कायम उघडी ठेवणं, तेव्हा वाया गेलेल्या टक्क्यांचा हिशोब कोण करतो. इलेक्ट्रिक टूथब्रशला ओल्यात उघडं भोक ठेवता येत नाही, म्हणून तो कित्येक वर्षं असाच चार्ज होतोय. या सगळ्यांना तारेऐवजी दुसरं काही हवं होतं त्याला कारण होतं. माझ्याकडे कारण काय होतं? उशाशी टेबलावर बशी छान दिसेल.

पॅडबद्दल चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता कुरकुरतोय. फोनचं चार्जिंगचं भोक सात महिन्यांत झिजलेलं नाही, आधीच्या फोनचं दीड वर्षात सैल झालं होतं आणि वायर विशिष्ट कोनात धरून बसावं लागायचं. अंधारात चाचपडून वायर शोधायची नाही. दिवसा टेबलावर काम करताना फोन उचलला, बघितला, परत ठेवला, असं थोडं थोडं भरत राहतं, यासाठी तो झकास आहे. पाण्यात फोन पडला आणि फोन म्हणाला भोकात ओल आहे, वायर लावू नका, त्या दिवशी पॅडनेच वाचवलं. आवाज नाही, कधी बंद पडला नाही, केबल अजून धड आहे.

सरकण्यावर उपाय म्हणून मी वर कापडी चिकटपट्टीच्या दोन आडव्या पट्ट्या मारल्यात, आता फोन व्हायब्रेट झाला तरी जागचा हलत नाही. दिसायला वाईट, पण अलार्म वाजतो. नवीन घेणार असाल तर माझ्यासारखा साधा गोल पॅड घेऊच नका, चुंबकवाला घ्या. २०२३ मध्ये क्यूआय २ आलं त्यात चुंबकाची रिंग स्टँडर्डमध्येच घातली, फोन खट्टकन बरोबर मध्यावर बसतो, म्हणजे माझ्या त्या २७ वॅट-तासांवाल्या भानगडीला जागाच नाही. फोनमध्ये चुंबक नसेल तर चुंबकवालं कव्हर मिळतं. अडॅप्टर ९ व्होल्टवाला आहे ना ते आधी बघा. जाड कव्हर असेल तर पट्टीने जाडी मोजा, तीन मिलिमीटरच्या वर असेल तर विसरा.

मी पाचपैकी तीन स्टार दिलेत. एक त्या छतावरच्या डब्याच्या चिठ्ठीसाठी कापला, एक त्या सकाळसाठी. पॅड उशाशीच आहे, पण लवकर निघायचं असलं की आदल्या रात्री ड्रॉवरमधून वायर निघते.